वाचकांचे प्रश्न : इचलकरंजीत पुलाजवळची खोली घेऊ का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही निपाणी तालुक्यातले, बोरगावच्या बाजूचे. मिस्टरांना इचलकरंजीत खोतवाडीकडं ऑटोलूमच्या शेडमध्ये जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचं, काम लागलंय. घरात दोन मुलं, मोठा चौथीत, धाकटी बालवाडीत, आणि सासूबाई, त्यांना दमा आहे. नदीच्या पुलाजवळ दोन खोल्या स्वस्तात मिळतायत, गावाकडनं बसनं आलं की उतरून पाच मिनिटांत घर, म्हणून मिस्टरांना पसंत आहे. मालक म्हणतात रविवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आम्ही आजवर तिथं फक्त लग्नाचा बस्ता बांधायला गेलोय, शहर असं माहीत नाही. काय बघून ठरवावं?
— एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, रविवारचं टोकन आधी थांबवा. दुसरं गिऱ्हाईक असेल तर असू दे, इचलकरंजीत खोल्या मिळतात. मी पण सीमेअलीकडचीच, लग्नानंतर आठ वर्षं तिथं भाड्यानं काढली, तीन घरं बदलली, म्हणून जीव तोडून सांगते.

तुम्हाला तो पूल म्हणजे गावाची वाट वाटतोय, पण पंचगंगा चढली की आधी तीच वाट बंद होते. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांत नदीवेशीकडच्या माणसांना घरं सोडून जायला लागलं. आणि ह्या नदीचं पाणी फसवतं बघा, इचलकरंजीत लख्ख ऊन असतं आणि पाणी चढत असतं, कारण पाऊस पडतो वर राधानगरी-गगनबावड्याला, आणि खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णा भरून चाललेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागाच राहत नाही, मग फूग मागं येते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली माणसं उठल्या उठल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतात, 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले तेपण. ती सवय तुम्हालाही लावून घ्यायला लागेल, कुठल्याही गल्लीत राहिलात तरी, कारण सासूबाईंना गावाकडं न्यायचं झालं तर सरळ वाट तीच.

तरीपण ती खोली बघायला गेलातच तर भिंतीच्या रंगाकडं बघा. कंबरेपर्यंत नवा रंग आणि वर जुना, कोपऱ्यात गिलावा फुगलेला, दाराची चौकट खालनं काळी पडलेली, असं दिसलं की समजून जायचं. मालकाला विचारू नका, शेजारच्या म्हातारीला विचारा, "आजी, 2019 ला कुठवर आलतं पाणी?" ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

आता मागांचं सांगते, कारण आम्ही फसलो ते तिथं. आमचं पहिलं घर आम्ही मागांना सुट्टी असलेल्या दिवशी बघितलं. खाली मालकाचे साधे माग, वर दोन खोल्या, सगळं शांत, उजेड छान, भाडं कमी, लगेच हो म्हटलं. राहायला गेलो त्या रात्री दुसरी पाळी चालू होती, उशाच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं, मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजत होत्या, आणि सहा महिन्यांचं लेकरू काही केल्या झोपेना. माणूस वाईट नव्हता, खर्चीवाला, मजुरीवर कापड विणून देणारा, माग थांबवले तर त्यानं खायचं काय, पण त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून ते गाव मागांच्या भोवतीच वाढलंय, कितीतरी गल्ल्यांत घर आणि माग एकाच छपराखाली आहेत. म्हणून खोली बघायची ती माग चालू असताना, आणि एकदा रात्री दहानंतर. भरलेला तांब्या खिडकीत ठेवा आणि बघत राहा.

सासूबाईंच्या दम्यासाठी तर हे जास्तच बघा. साध्या मागांजवळ कापसाचं तूस हवेत तरंगत असतं, खिडकीच्या जाळीवर पांढरा थर दिसला तर ती खोली नको. जवळ सायझिंगची, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याची, चिमणी असेल तर गच्चीवर पांढरा रुमाल दोन तास वाळत घालून बघा, काजळी बसते का ते.

पाण्याचं म्हणाल तर नदी उशाला आणि कोरड घशाला. नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी सुटतं, उन्हाळ्यात त्याच्याही पुढं जातं. पंचगंगा सांडपाण्यानं आणि कारखान्यांच्या पाण्यानं खराब झालेली, वर केंदाळ माजतं, आणि मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणतात ती पाइपलाइन जुनी, सारखी फुटते. दूधगंगेवरनं सुळकूडची योजना करायची म्हटली तर त्या नदीकाठच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि दूधगंगा म्हणजे आपलीच नदी, त्यामुळं तुम्हाला दोन्हीकडचं दुखणं कळेल. 2012 ला तिथं काविळीची मोठी साथ आली होती, माणसं गेली त्यात, तेव्हापासून मी प्यायचं पाणी उकळल्याशिवाय कुणाला दिलं नाही, तुम्हीपण देऊ नका. खोली बघायला शक्यतो पाणी सुटायच्या दिवशी जा. हौद केवढा, किती बिऱ्हाडांत वाटून, मोटर कुणाची, बोअर आहे का, हे नळाजवळच्या बायकाच खरं सांगतात. कबनूर, कोरोची, तारदाळ, खोतवाडी ही गावं शहराला चिकटलेली असली तरी ग्रामपंचायतीची आहेत, 2022 ला महापालिका झाली त्यात ती नव्हती, तेव्हा तिथल्या पाण्याची वेगळी चौकशी करा. पण मी तुमच्या जागी असते तर त्याच बाजूला बघितलं असतं, काम जवळ, नदी लांब.

कागदाचं थोडक्यात. आपल्याकडं अकरा महिन्यांचा स्टॅम्प करून कपाटात ठेवतात, महाराष्ट्रात तसं चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 आहे, करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. डिपॉझिटची रक्कम त्यात लिहून घ्या. लाइटचा मीटर स्वतंत्र आहे का बघा, कारण आपल्या कर्नाटकातल्या गृहज्योती योजनेचे फुकटचे 200 युनिट पुलापलीकडं नाहीत, आणि सबमीटर असेल तर युनिटला किती लावणार ते आधीच ठरवा.

मिस्टरांना पहिला महिना शेडमधल्या कुणाच्यातरी खोलीवर राहू दे. सुट्टीच्या दिवशी नाही, पाळी सुटल्यावर रोज एक गल्ली चालत फिरू दे. तोवर तुम्ही इकडं मोठ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचं बघा, राज्य बदलताना त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही मागतात आणि जूनमध्ये त्या ऑफिसात गर्दी असते. तिथं त्याचा कन्नड सुटेल आणि हिंदी येईल, तर आत्तापासून रोज एक पान हिंदी वाचून घ्या त्याच्याकडनं.