भिशीच्या पंचवीस हजारांत मुंबई

प्रश्न : काकू, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मिस्टरांचं इलेक्ट्रिक फिटिंगचं काम आहे. घरात सासूबाई (वय ६७, गुडघे दुखतात), मुलगा ११ वर्षांचा, मुलगी साडेचार वर्षांची. मुलांनी समुद्र बघितलेला नाही. फुटाळा तलावावर गेलो की धाकटी विचारते, "आई, हाच का समुद्र?" नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायचं मनात आहे. भिशीचे २५,००० रुपये येतील, त्याच्या वर खर्च झेपणार नाही. नणंद कल्याणला राहते, वन रूम किचन आहे. ती म्हणते, इकडेच उतरा, हॉटेलात पैसे कशाला घालता. मिस्टरांनाही तेच पटतं. मला मात्र धाकधूक वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, २५,००० रुपयांत तुमची मुंबई छान होईल. पण नणंदबाईंकडे मुक्काम करू नका, आणि पैसे वाचवायचे म्हणून तर मुळीच नको. कल्याण ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ५४ किलोमीटर. फास्ट लोकलनेही तास-सव्वातास जातो. सकाळी सगळी गर्दी कल्याणहून सीएसएमटीकडे धावते आणि संध्याकाळी तीच परत फिरते. म्हणजे तुम्ही जातानाही गर्दीत आणि येतानाही गर्दीत, तेही दुखरे गुडघे आणि कडेवरचं लेकरू घेऊन.

हे मी अनुभवाने सांगते. २०१२ साली आम्ही स्वस्त पडते म्हणून वसईच्या बाजूला लॉजवर खोली घेतली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला दादरच्या फलाटावर उभे होतो. गाडी आली, मागून लोंढा आला आणि सासूबाई आत ढकलल्या गेल्या. माझा हात सुटला. गाडी हलली तेव्हा दारातल्या माणसांमधून त्यांचा हिरवा पदर तेवढा मला दिसला. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. लॉजचं नावही त्यांना सांगता आलं नसतं. आम्ही मागच्या गाडीने वांद्र्याला उतरलो, तर त्या इंडिकेटरखाली पिशवी छातीशी धरून उभ्या. कुणा बाईने त्यांना गाडीतून उतरवून घेतलं होतं आणि सांगितलं होतं, "आजी, इथून हलू नका, घरचे येतील." त्या रडल्या नाहीत, मीच रडले. पुन्हा लोकलमध्ये चढायची कुणाची हिंमत झाली नाही. टॅक्सी केली. तीन दिवसांत खोलीवर जेवढे वाचवले होते, ते त्या एका टॅक्सीत गेले.

तेव्हापासून मुंबईचा बेत विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की तिथे पैसा अंतरात जातो. थकलं की माणूस टॅक्सी करतं, उपाशी राहिलं की समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतं. तुमची गाडी सीएसएमटीला पोचते, मग खोलीही सीएसएमटी आणि फोर्टच्या टापूतच घ्या. आमच्या मैत्रिणींच्या गटाने मागच्या जानेवारीत तिथे चार खाटांची खोली २,८०० रुपयांना घेतली होती. फोनवर दोन गोष्टी आधी विचारा. लिफ्ट आहे का? फोर्टच्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने फार उभे असतात, सासूबाईंना जमणार नाहीत. आणि चेक-आउट २४ तासांचं की दुपारी बाराचं? तुम्ही सकाळी सातलाच पोचणार, त्यामुळे २४ तासांचं असेल तर खोली लगेच मिळते. नसेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगांना कुलूप हवं, नाहीतर ते घेत नाहीत.

दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे स्वस्तात जमेल असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती जागा कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेल्या पेशंटसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी आहे. आपल्या विदर्भाच्या बाबांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं, ती ही माणसं. फिरायला गेलेल्यांनी तिथे विचारूसुद्धा नये.

आता तारीख. नाताळ सोडा. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन, मुंबईच्या गाड्या त्यातच भरतात, आणि २५ ते ३१ तारखेला मुंबईत खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीचा तिसरा आठवडा धरा. बुधवारी संध्याकाळी निघा, गुरुवारी सकाळी पोचा, शनिवारी रात्री परतीची गाडी, रविवारी सकाळी घरी. मुलांची शाळा तीन दिवस बुडेल, बाईंना आधी चिठ्ठी द्या. वार मी मुद्दाम निवडले आहेत : घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी.

गाडी विदर्भ एक्सप्रेस. दुरांतो वेगवान आहे खरी, पण तिचं भाडं जागा भरतील तसं वाढत जातं, मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत. स्लीपरचं तिकीट माणशी ५०० रुपयांच्या आसपास पडतं, थर्ड एसीचं १,३०० च्या आसपास. जानेवारीत स्लीपरच घ्या, फक्त पहाटे इगतपुरीकडे गार वारा शिरतो, तेव्हा दोन चादरी आणि सासूबाईंची शाल हाताशी असू द्या. धाकटीला बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मुलाला बर्थ घेतला की पूर्ण भाडं. बर्थ न घेता अर्धं तिकीट मिळतं, पण अकरा वर्षांचं पोर रात्रभर कुणाच्या पायाशी निजवणार? चार तिकिटं, जाऊन-येऊन साधारण ४,००० रुपये.

तिकीट ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता सुटतं. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा. आणि सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा, 'लोअर बर्थ' कोट्यातून. ज्येष्ठांना खालची बर्थ मिळावी म्हणून हा कोटा आहे, पण त्याच तिकिटावर तुमची सगळ्यांची नावं घातली की तो लागू होत नाही. डबा वेगळा आला तर तुमच्यापैकी एकाने त्यांच्या डब्यात बदलून जायचं. वरच्या बर्थवाला सहसा नाही म्हणत नाही.

नणंदबाईंचं मन मोडायचं नाही, त्याचीही सोय आहे. परतीचं तिकीट कल्याणहूनच काढा. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी निघून तासाभरात कल्याणला येते. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास सामान घेऊन लोकल धरा. त्या वेळी कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांत बसायला जागा असते. दुपारचं जेवण नणंदेकडे, सासूबाईंचा लेकीशी निवांत अर्धा दिवस, आणि तिथूनच गाडीत. हे फोनवर तुम्ही नका सांगू, मिस्टरांना सांगू द्या. "ताई, तुझ्या हातचं जेवून निघू" असं भावाने म्हटलं की बहीण काही बोलणार नाही.

आता बघायचं काय. गुरुवारी उतरल्यावर पळू नका, आधी बाहेर येऊन स्टेशनची इमारत बघा. ती १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलाला दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधायला सांगा, अर्धा तास फुकटात जातो. आंघोळी, नाश्ता, मग बेस्टच्या बसने गेटवे. १९११ साली इंग्लंडचा राजा आला त्याची आठवण म्हणून ते बांधायला घेतलं आणि १९२४ साली पुरं झालं. तिथून घारापुरीला लाँचने तासभर लागतो आणि वर जायला सव्वाशेच्या घरात पायऱ्या आहेत. सासूबाईंना ते नको. मिस्टर आणि मुलगा गेले तर जाऊ द्या, तुम्ही तिघी जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बसा. आत सावली आहे, बसायला बाकं आहेत. मला विचाराल तर घारापुरी पुढच्या खेपेला ठेवा आणि गेटवेवरूनच लाँचची छोटी फेरी सगळ्यांनी मिळून करा.

साडेपाचला मात्र मरीन ड्राइव्हवर असाच. जानेवारीत सूर्य साडेसहाच्या आधी मावळतो. कठड्यावर धाकटीला मधे बसवा आणि काही बोलू नका. माझ्या लेकीने पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "याला पलीकडचा काठ का नाही?" अंबाझरी तलावाच्या पाळीवर वाढलेल्या पोरीला तो प्रश्न पडणारच. मला तिथे एक पैसा खर्च आला नाही आणि घरच्यांना त्या सहलीतलं आजही तेवढंच आठवतं. नंतर पायीपायी गिरगाव चौपाटीवर जा, भेळ खा.

शुक्रवारी सकाळी लोकलने भायखळा. सीएसएमटीपासून तिसरं स्टेशन, तिकीट ५ रुपये. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. महाराजबागेत वाघ बघितलेल्या मुलांना त्यांचंच अप्रूप वाटेल. आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासून लोकांसाठी खुलं. जुन्या मुंबईच्या मातीच्या बाहुल्या आणि गलबतांच्या प्रतिकृती मुलं टक लावून बघतात. दुपारी खोलीवर येऊन झोपा. हो, झोपाच. सासूबाईंचे गुडघे आणि धाकटीचा हट्ट, दोन्ही त्याने आटोक्यात राहतात. संध्याकाळी भुयारी मेट्रोने सिद्धिविनायक, मंदिराच्या नावाचं स्टेशनच आहे. मेट्रोला लिफ्ट असल्याने जिने चुकतात.

जुहू, नटांचे बंगले, मॉल या खेपेला नकोत.

खाण्याचं म्हणाल तर जातानाच्या रात्रीची शिदोरी घरची : तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं. तिथे सकाळी पोट भरून नाश्ता, दुपारी राइस प्लेट, संध्याकाळी वडापाव. दादरला गेलात तर मिसळ खा, पण आपल्या तर्रीची चव तिच्यात शोधू नका. दिवसाला पाच जणांचे १,२०० रुपये धरा. तिकिटं ४,०००, खोली दोन रात्री ५,६००, खाणं ३,६००, बस, लोकल, मेट्रो आणि प्रवेशाची तिकिटं मिळून ३,०००. सोळा-सव्वासोळा हजार झाले. उरलेल्यातले २,००० सासूबाईंच्या टॅक्सीसाठी वेगळ्या पाकिटात ठेवा. त्या "चालते मी" म्हणाल्या तरी वापरा.

निघण्यापूर्वी दोघा मुलांच्या खिशात आणि सासूबाईंच्या बटव्यात चिठ्ठी ठेवा : तुमचे दोन फोन नंबर, हॉटेलचं नाव, पत्ता. आणि घरीच सगळ्यांना पाठ करायला लावा की जो गाडीत पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, जो मागे राहिला त्याने आहे तिथून हलायचं नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत, दम लागतो. दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात. आता एकदा चैत्यभूमी बघायची म्हणतात. ६ डिसेंबरलाच न्यावं का?

उत्तर : दादा, वडिलांना त्या दिवशीच जायचं असेल तर त्यांना अडवू नका, त्या दिवसाचं मोल आपण ठरवायचं नाही. पण पर्याय त्यांच्यासमोर ठेवा. महापरिनिर्वाण दिनाला शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, दवाखाना सगळी व्यवस्था असते, पण दर्शनाची रांग तासन् तास चालते. दम लागणाऱ्या माणसाला ते कठीण. फेब्रुवारीत एखाद्या साध्या दिवशी सकाळी गेलात तर ते तिथे हवा तितका वेळ बसतील, मागून कुणी "चला, चला" म्हणणार नाही. त्याच दिवशी दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृहही दाखवा. बाबासाहेबांनी ते घर आपल्या पुस्तकांसाठी बांधलं, तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. ६ डिसेंबरला हे दोन्ही शांतपणे होत नाही. आणि ज्या मुलाला-मुलीला पुस्तकं हवीत, त्यांना पुढे कधी ६ डिसेंबरला एकटं पाठवा. शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात, तेवढे मी एका जागी कुठेच बघितले नाहीत.

प्रश्न : नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग झाला आहे, मग आम्ही चौघे स्वतःच्या गाडीनेच का जाऊ नये?

उत्तर : रस्ता सुरेख आहे, ७०१ किलोमीटर. पण टोल एकेरीच हजाराच्या वर जातो, पेट्रोल वेगळं, आणि महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला संपतो. खरी परीक्षा तिथून पुढे, ठाण्याच्या गर्दीत. मुंबईत पोचल्यावर गाडी तीन दिवस पार्किंगचे पैसे खात उभी राहील, कारण तुम्ही फिरणार लोकलनेच. चौघांसाठी रेल्वे. सात जण असाल आणि वाटेत शिर्डी करायची असेल, तर गाडी काढा. पण चालवणारे दोघं हवेत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी उतरून तोंडावर पाणी मारायचं.