शिसवीची पेटी टोरंटोला : डव्हटेलचं नंतर बघा, आधी कुरिअरच्या फॉर्मचं बघा

आजोबांच्या मोडलेल्या शिसवी पलंगाच्या फळ्या, त्यातून टोरंटोच्या ताईसाठी दागिन्यांची पेटी, निमित्त तिच्या लग्नाची 25 वर्षं. झकास बेत आहे. तुम्ही विचारलंय की कोपऱ्यांना डव्हटेल (पक्ष्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवायचा सांधा) करू की 45 अंशांत कापून जोडू, आणि पॉलिश कुठलं लावू. कोपऱ्यांबद्दल इतरांनी भरपूर सांगितलंय, त्यात मी भर घालत नाही. माझा जीव अडकला तो तुमच्या शेवटच्या वाक्यात : ‘झाली की कुरिअर करून टाकेन.’

मीही भाचीच्या लग्नासाठी शिसवीचीच पेटी केली होती, तीही टोरंटोलाच जायची होती. पितळी बिजागऱ्या, छोटा कडी-कोयंडा, झाकणावर वेलबुट्टी. कुरिअरच्या काउंटरवरच्या पोराने पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, ‘काका, जुनी आहे का ही?’ म्हटलं, ‘नाही रे बाबा, नवीच आहे. बिजागऱ्या अँटिक फिनिशच्या आहेत म्हणून तशी दिसते.’ त्या सबंध वाक्यातला त्याने एकच शब्द उचलला आणि फॉर्मवर टाइप केलं : ‘अँटिक रोजवुड बॉक्स’. पावतीवरची अक्षरं मुंगीएवढी. पैसे घेतले, शिक्का मारला, ‘आठ-दहा दिवसांत पोहोचेल’ म्हणाला.

तीन शब्दांत त्याने दोन कायदे माझ्या मागे लावले. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. त्याच्या व्याख्येत बसणारी, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू जुनी असल्याची शंका आली की ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला मागतात. दुसरं, रोजवुड. रोजवुड म्हणजे आपली शिसवी, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. डालबर्जियाच्या झाडून सगळ्या जाती 2 जानेवारी 2017 पासून सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नजर असते. तयार वस्तूंना सूट आहे, एका पार्सलमध्ये त्या जातीचं लाकूड 10 किलोपर्यंत असेल तर. आपली पेटी दोन-तीन किलोंची, त्यामुळे ती आरामात बसते. पण हे काउंटरवर माहीत हवं ना!

पार्सल विमानतळावर अडकलं. ‘सिस्टममध्ये होल्ड दाखवतंय’ याच्यापलीकडे कुणी तोंड उघडेना. काउंटरवाला म्हणे हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिस म्हणे जिथे बुक केलंत तिथे विचारा. फॉर्ममधला तो एक शब्द बदलून द्या म्हणून मी मेल केले, तर उत्तर आलं की बुकिंगनंतर वर्णन बदलता येत नाही. लग्न झालं, भाची हनिमूनहून परतली, मग पेटी माझ्या दारात. वर परतीचं भाडं आणि साठवणुकीचे पैसे माझ्याकडूनच वसूल. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या कंपनीत वेगळं झालं असतं असं मला वाटतही नाही.

म्हणून सांगतो. मी वकील नाही, कस्टम्सवाला नाही, नियमही बदलत असतात. पाठवायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. पण वर्णन घरूनच कागदावर लिहून न्या : नवी, हाताने बनवलेली लाकडी पेटी, लाकडाचं शास्त्रीय नाव, लाकडाचं वजन, भेटवस्तू. तो कागद समोर ठेवून टाइप करून घ्या आणि पैसे देण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावा. नाक मुरडतील, मुरडू द्या. तुमच्या बाबतीत पलंग खरोखर जुना आहे, तेव्हा जास्तच सांभाळा. फळी कापताना, खाच पाडताना, चौकट जोडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वस्तू आज घडली याचा तो सगळ्यात सोपा पुरावा. कुणी विचारलंच तर लाकूड कुठलं ते खरं सांगा, लपवाछपवी नको. पण ‘आजोबांच्या शंभर वर्षांच्या पलंगापासून’ अशी हौसेची चिठ्ठी पेटीत घालू नका. ती गोष्ट ताईला फोनवर सांगा.

किंमत शून्य लिहू नका, त्यानेही संशय येतो. कॅनडात एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेल्या 60 डॉलरपर्यंतच्या भेटीवर कर लागत नाही, वरच्या रकमेवर लागतो. साहित्याचा प्रामाणिक हिशेब लिहा. आणि पेटीभोवती फळ्यांचा खोका ठोकू नका. 6 मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला उष्णता प्रक्रियेचा शिक्का लागतो, तो तुम्ही कुठून आणणार? दुहेरी पुठ्ठा बेस्ट. फक्त खोका बेताचा घ्या. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. 40 बाय 30 बाय 25 चा खोका म्हणजे 6 किलोंचे पैसे, आत कापूस का असेना.

आता लाकडाकडे. जुनी फळी मुरलेली असते, चिरणार नाही, हे खरं. पण हवेप्रमाणे ती फुगते-आकसते, पलंग कितीही जुना असला तरी. तुमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात लाकडात 15 टक्के किंवा जास्तच ओलावा असतो, टोरंटोत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात तो 6-7 वर येतो. सागवानाची 20 सेंटिमीटर रुंद आडव्या कापाची (वर्षवलयांना समांतर कापलेली) फळी एवढ्या फरकात जवळजवळ 3 मिलिमीटर आकसते. शिसवीचं फार वेगळं नाही. झाकणाची फळी चारी बाजूंनी फेविकॉलने चिकटवलीत तर ती तिकडे फाटणार किंवा चौकट उघडणार. खाचेत सुटी बसवा, मध्यभागी एक थेंब सरस, बस्स. काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत केलंत तर उत्तम.

रंधा मारण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. पलंगात मोडलेले चुका-खिळे हमखास असतात, पातं गेलं की दिवस गेला. कडेच्या फिक्या लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो भाग सरळ कापून टाका. किड्याची नुसती शंका आली तरी तिकडचे लोक पार्सल अडवतात. पितळी स्क्रू शिसवीत डोकं तुटून अडकतात. आधी भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढा, मग पितळी घाला.

पॉलिश. बाहेरून जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा. आतून मात्र तेल अजिबात नको. बंद पेटीत त्याचा वास वर्षानुवर्षं राहतो, दागिन्यांच्या मखमलीला लागतो. आतून फ्रेंच पॉलिशचे म्हणजे लाखेचे दोन पातळ हात, तेही मखमल चिकटवायच्या जागा सोडून. पॉलिशनंतर पेटी उघडी ठेवून आठ-पंधरा दिवस वाळू द्या आणि मगच खोक्यात घाला.