प्रॉक्सी लावू की व्हीपीएन?

प्रश्न : नीटच्या तयारीसाठी लातूरला राहतो. अभ्यासिकेतलं वाय-फाय पन्नास-साठ पोरं वापरतात. आपण काय बघतो ते मालकाला दिसतं म्हणे. एक मित्र म्हणतो फुकटची प्रॉक्सी टाक, दुसरा म्हणतो व्हीपीएनच घे. फरक काय?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : आधी मालकाला काय दिसतं ते बघा. एचटीटीपीएस (जाता-येता मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत) असलेल्या साइटवरचा तुमचा पासवर्ड, उघडलेलं पान किंवा लिहिलेला मजकूर राउटरवाल्याला वाचता येत नाही. साइटचं नाव मात्र बहुतेक वेळा उघडं जातं. यूट्यूब उघडलं हे कळतं, कोणता व्हिडिओ ते कळत नाही. लपवायचं आहे ते हे नाव.

इथे प्रॉक्सीचा उपयोग शून्य. प्रॉक्सी म्हणजे तालुक्याला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती पाकीट देणं. घेणाऱ्याला पाकीट शेजाऱ्याकडून आलेलं दिसतं, तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, दिसत नाही. पण तुमच्या दारापासून शेजाऱ्यापर्यंतचा रस्ता उघडाच. ‘अमुक साइटला जोड’ हा निरोप साध्या प्रॉक्सीकडे उघड्या अक्षरांत जातो. म्हणजे मालकाला नाव दिसतंच, वर प्रॉक्सीवाल्यालाही. शिवाय अँड्रॉइडमध्ये प्रॉक्सी त्या एका वाय-फायपुरती असते, मोबाइल डेटावर गेलात की ती नाही, आणि कित्येक अ‍ॅप तिला जुमानतही नाहीत. फुकटच्या प्रॉक्सी चार दिवसांत बंद पडतात. मग वाय-फाय ‘कनेक्टेड’ आणि पान एकही उघडत नाही. असं झालं तर फोन रीसेट करत बसू नका, त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी ‘नन’ करा. आणि एखादी प्रॉक्सी फोनमध्ये ‘सर्टिफिकेट’ टाकायला सांगत असेल तर तिथंच थांबा. ते टाकलं की एचटीटीपीएसच्या आतलंही तिला वाचता येऊ शकतं.

व्हीपीएन फोनमधून निघणारं सगळं कुलूपबंद करून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतं. मालकाला एकाच सर्व्हरचा पत्ता दिसतो, शिवाय किती डेटा गेला आणि कधी. पण मालकाला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं, हे विसरू नका.

घेतलंत तर अ‍ॅपमध्ये वायरगार्ड हा प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) निवडा, तो हलका आहे. तो यूडीपीवर (डेटा पाठवायच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक, दुसरी टीसीपी) चालतो, नेहमीचा पोर्ट म्हणजे दार क्रमांक ५१८२०. अभ्यासिकेच्या राउटरने यूडीपी अडवलं तर जोडणी ‘कनेक्टिंग’वरच लटकते, तेव्हा ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोटोकॉल, टीसीपी पोर्ट ४४३ वर लावून बघा. वेग थोडा पडेल. मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, व्हीपीएन, नावापुढचं चक्र, आणि तिथे ‘ऑल्वेज-ऑन’ व ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाऊट व्हीपीएन’ ही दोन्ही बटणं चालू. दुसरं बटण लोक सोडतात आणि तिथंच फसतात. वीज जाऊन राउटर बंद-चालू झाला की व्हीपीएन तुटतं, फोन गुपचूप उघड्या नेटवर येतो आणि वर काहीच कळत नाही. फक्त वाय-फायचं लॉगिन पान येत असेल तर ते या बटणामुळे उघडणार नाही; बंद करा, लॉगिन करा, परत चालू करा.

शेवटी तपासा. आयपी दाखवणारी कोणतीही साइट आधी व्हीपीएनशिवाय आणि मग लावून उघडा. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचे जुना आणि नवा असे दोन प्रकार) दोन्ही आकडे बदलले पाहिजेत, किंवा दुसरा दिसेनासा झाला पाहिजे. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ झाकतात. दुसरा पत्ता तसाच बाहेर. जिओच्या नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं, म्हणून घरी गेल्यावरही हे एकदा बघाच.

खरं सांगायचं तर, भीती फक्त मालकाची असेल तर तेवढ्यापुरता स्वतःचा मोबाइल डेटा वापरा. फुकटात काम होतं.

प्रश्न : आमचं सेवा केंद्र आहे. लोकांची कागदपत्रं सुरक्षित राहावीत म्हणून चारही कॉम्प्युटरवर व्हीपीएन टाकलं. आता सरकारी पोर्टल उघडत नाही, बँकेची साइट मध्येच बाहेर काढते.
– एक केंद्रचालक, परभणी

उत्तर : तुमच्या व्हीपीएनचा सर्व्हर परदेशातला असणार. काही सरकारी साइट परदेशी पत्ते अडवतात. बँकेला तुमचा पत्ता सारखा बदलताना दिसला की ती संशयाने सत्र तोडते. फॉर्म भरताना व्हीपीएन बंद ठेवा, किंवा अ‍ॅपमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ (काही प्रोग्रॅम व्हीपीएनबाहेर ठेवायची सोय) असेल तर ब्राउझर त्यातून वगळा.

पण तुमच्याकडची गळती वायरीत नाही, टेबलावर आहे. डाउनलोड्स फोल्डरमध्ये गावभरच्या आधारच्या पीडीएफ पडून असतात, ब्राउझरने ग्राहकाचा पासवर्ड ‘सेव्ह’ केलेला असतो, प्रिंटसाठी उघडलेलं कुणाचं तरी व्हॉट्सअ‍ॅप वेब संध्याकाळपर्यंत चालूच असतं. क्रोमच्या ‘गेस्ट’ खिडकीत काम करा, ग्राहक उठला की ती बंद करा. खिडकी बंद झाली तरी उतरवलेली फाइल राहते, ती हाताने पुसा आणि रीसायकल बिनही रिकामं करा.

प्रश्न : फुकटचं व्हीपीएन चालेल का? आणि पोलीस पकडतील का?
– एक वाचक, बीड

उत्तर : भारतात व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. त्याआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर, दिलेले आयपी वगैरे ५ वर्षं जपायचे आहेत. त्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर काढले. त्यामुळे यादीत ‘इंडिया’ दिसलं तरी मशीन दुसऱ्या देशात असू शकतं.

फुकटाचं म्हणाल तर सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंच. फेसबुकने २०१३ साली विकत घेतलेलं ओनावो हे असंच फुकट व्हीपीएन. लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती त्यातून कंपनीला मिळायची, आणि २०१९ मध्ये ते बंद झालं. पैसे घेणाऱ्या एखाद्या कंपनीची फुकट मर्यादित योजना असेल तर ती त्यातल्या त्यात बरी. अ‍ॅप लावताना ते कॉन्टॅक्ट किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर लगेच काढून टाका. त्या कामाला या दोन्हींची गरजच नसते.