पेंढ्याच्या कामानंतर उठणारे पुरळ खरूज असते का?

पेंढा उतरवला की दुसऱ्या दिवशी पोटावर व दंडांवर खाजरे पुरळ उठते, आठवड्याभरात ओसरते आणि पुढच्या खेपेला परत येते, तर ही खरूज आहे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु वैरणीचे काम अनेक वर्षे करत आहे, आणि या वर्णनावरून मला खरजेपेक्षा पेंढ्यातील सूक्ष्म कोळ्यांचा संशय अधिक येतो.

पिकावरचा लाल कोळी पानांचा रस शोषतो, माणसाला चावत नाही. त्याच्यावर उगाच आळ येतो. पेंढ्यात व साठवलेल्या धान्यात राहणारा पायमोटिस हा कोळी मात्र किडींच्या अळ्यांवर जगतो आणि पेंढा हलवला की अंगावर येऊन चावतो. त्याची लांबी जेमतेम 0.2 मिलिमीटर असल्याने तो दिसत नाही, चावलेले कळत नाही, आणि खाज बहुधा 10 ते 24 तासांनी सुरू होते. मलाही पूर्वी असेच पुरळ उठत असे. त्यामुळे मी साबण बदलला, अंथरूण बदलले, पण आदल्या दिवशीच्या कामाकडे माझे लक्षच गेले नाही.

खरजेचा किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो, बोटांच्या बेचक्यांत व मनगटांवर रात्री असह्य खाज आणतो आणि घरातल्या इतरांनाही लागतो. पेंढ्यातला कोळी त्वचेत शिरत नाही, माणसाच्या अंगावर वाढत नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरतही नाही. मला खरजेचे मलम तीनदा देण्यात आले. पुरळ मुळातच आपोआप ओसरणारे असल्याने दर वेळी मलमाचाच गुण आला असे वाटले, आणि त्या गैरसमजात दोन हंगाम गेले.

काम संपताच साबणाने अंघोळ करावी, कपडे लगेच गरम पाण्यात धुवावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. खाजेसाठी कॅलामाइन किंवा डॉक्टरांनी सांगितलेली अॅलर्जीची गोळी पुरते. अंगाला कीटकनाशक कधीही लावू नये. पेंढ्यात कीड राहिली, तर पुरळ पुन्हा येणारच. म्हणून खरा उपाय साठवणुकीतच करावा लागतो.

गवतात किंवा झुडपांत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथे ट्रॉम्बिक्युलिड कोळ्यांची सहा पायांची पिल्ले कमरपट्ट्याखाली, मोज्यांच्या कडेला आणि गुडघ्यामागे चावतात. आशियाच्या बऱ्याच भागांत त्यांच्यापैकी काही जाती स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचे जंतू पसरवतात. अशा कामानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गवतातील कामाचा उल्लेख आपणहून करावा, कारण या आजारावर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रभावी औषध आहे, परंतु ते वेळेवर सुरू व्हावे लागते.