इजिप्शियन कापूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांच्या वेष्टनांवर ‘इजिप्शियन कॉटन’ हे शब्द आता आपल्याकडील लहान शहरांतील दुकानांतही दिसू लागले आहेत. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : हा कापूस फॅरोंच्या काळापासूनचा असून ममीदेखील याच कापडात गुंडाळत असत, असे एका विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का? (पुणे)

नाही. ममींभोवती गुंडाळलेले कापड जवसाच्या खोडातील तंतूंपासून विणलेले लिनन होते. आज ज्याला आपण इजिप्शियन कापूस म्हणतो, त्याचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे आणि त्या झाडाचे मूळ तर नाईलकाठी नसून दक्षिण अमेरिकेत आहे. गॉसिपियम बार्बाडेन्स ही ती जात.

1820 च्या सुमारास इजिप्तवर मुहम्मद अली पाशाची सत्ता होती. लुई अ‍ॅलेक्सिस ज्युमेल या युरोपीय तंत्रज्ञाला कैरोतील माहू बे नावाच्या अधिकाऱ्याच्या बागेत शोभेसाठी वाढवलेली कापसाची झाडे दिसली आणि त्यांच्या बोंडातील तंतूंची लांबी पाहून त्याने हा कापूस शेतात लावण्याचा आग्रह धरला. पाशाने ती संधी ओळखली, लागवड सक्तीने वाढवली आणि खरेदीचा मक्ता स्वतःच्या हाती ठेवला. पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ‘सी आयलंड’ कापसाशी संकर होत गेला आणि त्यातून एकापाठोपाठ एक सरस वाण निघाले. आजचे वाण ‘गिझा’ या नावाने आणि क्रमांकाने ओळखले जातात. त्यांतील गिझा 45 हा तलमपणासाठी विशेष नावाजलेला आहे.

या वैभवाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी नाईलचा पूर ओसरला की त्या ओलीवर रब्बीसारखी पिके निघत. कापूस मात्र उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना पाणी मागतो. त्यासाठी खोल कालवे खणावे लागले आणि ते खणले वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांनी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा इजिप्तमध्ये कापसाचे भाव भडकले. तीच लाट खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर आणि मुंबईच्या बाजारावर आली. युद्ध संपताच 1865 मध्ये मुंबईत पेढ्या बुडाल्या. तिकडे इजिप्तचे कर्ज वाढतच गेले, 1876 मध्ये राज्य दिवाळखोर ठरले आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. स्वतःच्या कापसाचे कापड स्वतःच्या भांडवलावर विणण्याचा मोठा प्रयत्न इजिप्तने त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1927 मध्ये, महल्ला अल-कुब्रा येथे गिरणी काढून केला. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या धडपडीचे मोल निराळे सांगायला नको.

प्रश्न : हा कापूस इतका मऊ का असतो? (नाशिक)

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. आपल्याकडील नेहमीच्या कापसात ती 28-29 मिलिमीटरच्या आसपास वाढते, तर इजिप्तच्या उत्तम वाणांत 35 मिलिमीटरच्या पुढे जाते आणि शिवाय अधिक बारीक असते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढा, ओढलेले तंतू पुन्हा एकावर एक ठेवून पुन्हा ओढा. चार-पाच वेळा असे केले की तंतू समांतर होतात आणि काळ्या कापडावर ठेवून त्यांची लांबी उघड्या डोळ्यांनी पाहता येते. जुने कापूस-पारखी असाच धागा काढून भाव सांगत.

लांब तंतूचा फायदा असा की सुताच्या ठरावीक लांबीत तंतूंची टोके कमी येतात. कापडावर जे लव दिसते आणि पुढे ज्याचे बारीक गोळे होतात, ती हीच बाहेर आलेली टोके. टोके कमी म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत, गोळे कमी आणि सूत मजबूत. बारीक तंतूंपासून सूतही बारीक काढता येते. 100 नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात 84,000 वार, अर्थात जवळजवळ 77 किलोमीटर लांबीचा धागा; असे सूत आखूड कापसापासून निघतच नाही.

प्रश्न : 1000 थ्रेड काउंटची चादर 300 च्या चादरीहून स्वस्त मिळते आहे. घ्यावी का? (ठाणे)

माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नये. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. एका इंचात धागे बसायला मर्यादा असते, त्यामुळे हजाराचा आकडा बहुधा अनेक पदरी सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजून गाठलेला असतो. चादरीच्या कडेचा एक धागा उसवून पिळाच्या उलट दिशेने फिरवून पाहा. तो नुसता सैल होऊन विसकटला तर एकपदरी, आणि त्याचे दोन-तीन स्वतंत्र धागे सुटले तर बहुपदरी. लांब तंतूच्या एकपदरी सुताची, साध्या विणीची 300 ते 400 ची चादर आपल्या हवेत अधिक मोकळी आणि टिकाऊ ठरते. सॅटिन वीण चकचकीत आणि अंगाला मुलायम लागते, पण तिच्यातील धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहत असल्याने ती लवकर खरडते.

प्रश्न : लेबल खरे आहे हे कसे ओळखावे? (बेळगाव)

घरच्या घरी ते खात्रीने ओळखता येत नाही. 2016 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला भारतीय कारखान्याने ‘इजिप्शियन’ म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस निघाला. त्यानंतर जगभर तपासणी कडक झाली. डीएनए चाचणीने कापसाची जात कळते, परंतु तो नाईलच्या खोऱ्यातलाच आहे हे ठरवायला शेतापासून गिरणीपर्यंतच्या नोंदी लागतात. म्हणून ‘100 टक्के’ लिहिले आहे का, की नुसतेच ‘इजिप्शियन कॉटन रिच’ असे मोघम म्हटले आहे, हे आधी वाचा. आणखी एक गोष्ट : इजिप्तमध्ये पिकणारा सगळाच कापूस अतिलांब तंतूचा नसतो. देशाचे नाव तंतूची लांबी सांगत नाही, आणि पैसे द्यायचे ते लांबीसाठी.

प्रश्न : असा कापूस आमच्याकडे का पिकत नाही? चादर धुताना काय काळजी घ्यावी? (यवतमाळ)

या जातीला लांब हंगाम, हमखास पाणी आणि वेचणीच्या वेळी कोरडी हवा लागते. विदर्भातील बहुतेक कापूस पावसावर अवलंबून आहे आणि फुटलेल्या बोंडांवर परतीचा पाऊस पडण्याची धास्ती दरवर्षी असते. तरीही भारताने याच वर्गातील ‘सुविन’ हा वाण 1974 मध्ये कोइमतूर येथे तयार केला. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांचा तो संकर असून त्याचा तंतू 38 मिलिमीटरच्या आसपास भरतो. तो जगातील उत्तम कापसांत गणला जातो, आणि आपल्या ग्राहकाला त्याचे नावही ठाऊक नसते याचे मला मनापासून वाईट वाटते. गादी-दुलईत भरायला मात्र आखूड, जाडसर देशी कापूसच चांगला, कारण तो दबला तरी पुन्हा फुलतो.

धुण्याचे म्हणाल तर कोमट पाणी आणि बेताची साबण पावडर पुरे. क्लोरीनचे ब्लीच तंतू कमजोर करते. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलला तर अजिबात लावू नये. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी शोषेनासा होतो. चादर कडक उन्हात दिवसभर न ठेवता, सुकताच दोरीवरून काढून घ्यावी.