भावाला कारनं उडवलं, मेडिक्लेम मिळाला. आता कारवाल्याच्या इन्शुरन्सकडून वेगळे पैसे मागता येतात का?

हो ताई, येतात. मेडिक्लेम भावानं स्वतः हप्ते भरून घेतलेला, त्याचा त्या कारच्या थर्ड पार्टीशी, म्हणजे कारमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या इन्शुरन्सशी, काही संबंध नाही. कारच्या इन्शुरन्स कंपन्या पूर्वी म्हणायच्या की मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करा, पण मार्च 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं, म्हणजे मोठ्या खंडपीठानं, ते वजा करता येणार नाहीत असं सांगून टाकलंय.

मी ठाण्यात एका वकिलांकडे अपघाताच्या क्लेमच्या फाइली बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारच्या इन्शुरन्स कंपनीचा माणूस दोन लाखांत मिटवू म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय ना, एवढ्यात सही करू नका. सगळे हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा धरून बसतात आणि मोठी रक्कम असते ती कमाई कमी झाल्याची. भाऊ 38 वर्षांचा, स्वतःचं एसी रिपेअरिंग, महिना 30 हजार असं तुम्ही लिहिलंय. वय 40 च्या आत आणि स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतात, झाले 42 हजार, वर्षाचे 5 लाख 4 हजार, त्या वयाला मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, 15, आणि कमाईची ताकद नुसती 20 टक्के गेली म्हटलं तरी 15 लाख 12 हजार होतात. औषधपाणी, वेदना, घरी बसून गेलेले महिने हे अजून वेगळं.

आता हे टक्के किती धरायचे यावरच सगळी ओढाताण चालते. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट पाय किती टक्के अधू झाला ते सांगतं, पण धंद्यावर काय परिणाम झाला ते कोर्ट बघतं, सुप्रीम कोर्टाचं 2011 चं राजकुमार विरुद्ध अजय कुमार हे निकालपत्र त्यासाठीच दाखवतात. भावासारखा मांडीत रॉड असलेला माणूस गल्ल्यावर बसेल हो, पण सातव्या मजल्यावर खिडकीबाहेर लोंबकळून आउटडोअर युनिट कसं उतरवणार? हे डॉक्टरांना कोर्टात येऊन सांगावं लागतं, नुसता कागद लावून भागत नाही. आयटी रिटर्न नसेल तर जीपेच्या एंट्री, पासबुक, सोसायट्यांना दिलेली बिलं गोळा करा.

आणि एक, डिस्चार्ज कार्डावरची हिस्टरी आजच वाचा. कॅज्युअल्टीत घाईघाईत कोणीतरी ‘बाइकवरून घसरून पडला’ असं लिहून ठेवतं आणि मग कंपनीचा वकील तेवढी एक ओळ धरून बसतो की कारनं ठोकलंच नाही. तसं असेल तर एफआयआर, पंचनामा आणि एमएलसीचे (हॉस्पिटल पोलीस केस म्हणून करतं त्या नोंदीचे) कागद जास्तच जपून ठेवा.

2022 पासून कायद्यात भरपाईच्या अर्जाला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आलीये, तुमचे तीन गेलेत, त्यामुळे सर्टिफिकेटसाठी थांबू नका, ते हाड नीट जुळल्यावर घेऊन नंतर लावता येतं. अपघात घोडबंदर रोडचा, राहायला कळव्याला, म्हणजे अर्ज ठाण्याच्या कोर्टात, कोर्ट नाक्यालाच. व्याजसुद्धा साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात.

तुम्ही लिहिलंय तो वकील मिळणाऱ्या भरपाईतले 25 टक्के मागतोय ते सोडा, निकालाच्या रकमेवर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, ठरावीक फी घेणारा बघा. कंपनीला खरंच मिटवायचं असेल तर अर्ज दाखल झाल्यावर लोकअदालतीत बसू दे, तिथे पैसे लवकर सुटतात, फक्त तिथे एकदा मान्य केलं की अपील नाही, म्हणून सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय तिथेही आकडा बोलू नका.