बोलोन्यात मार्गदर्शकासोबतची पायी फेरी घ्यावी का?

ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांना घेऊन आपण दोन दिवस इटलीतल्या बोलोन्यात थांबणार आहात, वडील सत्तरीचे आहेत, आणि तेथे पैसे मोजून मार्गदर्शकासोबत पायी फेरी करावी की मोबाइलवरचा नकाशा आणि थोडे वाचन एवढ्यावर भागेल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते फेरी अवश्य घ्यावी, आणि ती पहिल्याच दिवशी सकाळी घ्यावी. मी स्वतः हा क्रम चुकवला होता. नोव्हेंबरातले तीन दिवस मी तेथे काढले. पहिल्या दिवशी नकाशा हातात घेऊन एकटाच हिंडलो, दुसऱ्या दिवशी अडीच तासांची फेरी घेतली, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचेच रस्ते पुन्हा पायाखाली घातले, कारण आदल्या दिवशी जे कळले होते त्यावरून पहिल्या दिवशी आपण जवळजवळ काहीच पाहिले नाही हे लक्षात आले होते. आपल्याकडे तिसरा दिवस नाही, म्हणून हे आग्रहाने सांगत आहे.

पोर्तिकोंचेच घ्या. घरांच्या वरच्या मजल्यांखालून जाणारे, रस्त्याच्या बाजूने खांबांवर पेललेले हे झाकलेले पदपथ बोलोन्यात सर्वत्र आहेत. मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानींखालून चाललेल्या माणसाला त्यांची कल्पना लगेच येईल. त्यांची एकूण लांबी सुमारे 62 किलोमीटर भरते आणि 2021 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, हे मी वाचून गेलो होतो. तरीही पहिल्या दिवशी मला जाणवले ते इतकेच, की बाहेर पाऊस असूनही छत्री उघडावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हांला स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या काझा इझोलानी नावाच्या तेराव्या शतकातल्या घराखाली उभे केले आणि सुमारे नऊ मीटर उंचीचे लाकडी खांब दाखवून विचारले, की हे घर खांबांवर का उभे केले असेल. बाराव्या-तेराव्या शतकांत विद्यापीठामुळे दूरदूरचे विद्यार्थी या शहरात येऊ लागले आणि राहायला जागा पुरेना; तेव्हा घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि ते खचू नयेत म्हणून खाली टेकू दिले. हे उघड अतिक्रमण होते, आणि मध्ययुगात इतर अनेक शहरांनी असली बांधकामे पाडायला लावली. बोलोन्याने मात्र 1288 च्या नियमाने नव्या घरांना पोर्तिको बंधनकारकच केला. खालची जागा मालकाची, डागडुजी मालकाने करायची, पण वहिवाट सर्वांची, अशी ती व्यवस्था होती. छत किती उंच असावे, याचे माप घोड्यावर बसलेल्या माणसावरून ठरवले होते. तिसऱ्या दिवशी मी मान खाली घालून चाललो, तेव्हा दर वीस-पंचवीस पावलांवर फरशी बदलताना दिसली. कोठे वीट, कोठे दगड, कोठे गुळगुळीत घोटलेली जमीन. प्रत्येक मालकाने आपापल्या दारापुढचा तुकडा आपापल्या ऐपतीप्रमाणे केलेला आहे. आदल्या दिवशी कोणी सांगितले नसते, तर मी या फरशीवरून तसाच चालत गेलो असतो.

दोन मनोऱ्यांपाशी थोडाच वेळ जातो, पण तो वाया जात नाही. आसिनेल्ली सुमारे 97 मीटर उंच आहे. शेजारचा गारिसेंदा 48 मीटरांचा असून डोळ्यांना खटकावा इतका कललेला आहे. तो मुळात बराच उंच होता. चौदाव्या शतकात कल वाढल्यामुळे त्याचा वरचा भाग उतरवण्यात आला. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरक-खंडात अंताएउस हा राक्षस खाली वाकतो तेव्हा त्याला या मनोऱ्याची उपमा दिली आहे: कललेल्या बाजूखाली उभे राहून वर पाहत असताना उलट दिशेने ढग सरकला, की मनोराच अंगावर येतो असे वाटते. ऑक्टोबर 2023 मध्ये गारिसेंदाची अवस्था चिंताजनक ठरल्याने त्याच्याभोवतीचा भाग बंद करण्यात आला आणि मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले; त्यामुळे आसिनेल्लीच्या 498 पायऱ्या चढण्याचा बेत मनात धरून जाऊ नका. वडिलांचा विचार करता तो बेत तसाही योग्य नव्हता.

सान पेत्रोनियो हे पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकातले प्रचंड चर्च 1390 साली बांधायला घेतले गेले, आणि त्याचा दर्शनी भाग आजही अपुरा आहे. खाली संगमरवर, वर उघडी वीट. आत डाव्या बाजूच्या फरशीवर सुमारे 67 मीटर लांबीची एक तिरपी पट्टी आहे, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण शहरातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनी याने 1655 मध्ये ती आखली. शनीच्या कड्यांमधली फट पुढे ज्याने शोधली, तोच हा खगोलशास्त्रज्ञ. छताजवळच्या एका छोट्या भोकातून आलेले सूर्याचे बिंब रोज मध्यान्ही या पट्टीवर पडते. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात दूर. कास्सिनीने वर्षभर या बिंबाचा व्यास मोजला आणि सूर्याच्या वेगात वर्षभरात दिसणारा बदल नुसता अंतरामुळे भासणारा नसून खरा आहे, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या मांडणीशी जुळणारे अनुमान त्यातून निघाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताबद्दल गॅलिलिओला रोममध्ये शिक्षा होऊन तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती, आणि हे मोजमाप एका चर्चच्या आत, चर्चच्या संमतीने चालले होते. बाईंनी हे सांगितले त्या दिवशी आभाळ भरलेले होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी बाराच्या थोडे आधी पुन्हा तेथे गेलो आणि एक फिकट लंबगोल त्या पितळी रेषेवरून सरकताना पाहिला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथे उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे, चालू असते, म्हणून सूर्याचे बारा घड्याळात दुपारी एकच्या सुमारास वाजतील. चर्च दुपारी काही वेळ बंद असते, तेव्हा त्या दिवसाची वेळ आधी पाहून ठेवा.

चर्चच्या बाजूलाच आर्किजिन्नाझियो ही 1563 साली उघडलेली विद्यापीठाची जुनी इमारत आहे. भिंतींवर आणि छतांवर विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे रंगवलेली आहेत. वरच्या मजल्यावर 1637 चे लाकडी शवविच्छेदनगृह आहे. मध्ये संगमरवरी मेज, भोवती चढत जाणारी बाके, आणि अध्यापकाच्या आसनावरचे छत पेलणाऱ्या, कातडी सोललेल्या माणसांच्या दोन लाकडी मूर्ती. 29 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ही खोली उद्ध्वस्त झाली आणि ढिगाऱ्यातून वेचलेले तुकडे वापरून युद्धानंतर पुन्हा उभी केली गेली. आपण जी फेरी ठरवाल तिच्यात या खोलीचा प्रवेश आहे की नाही, हे आधी विचारा. काही फेऱ्या नुसत्या अंगणातून पुढे जातात.

आता एक ठिकाण, जे मला कोणत्याही मार्गदर्शकाशिवायही दिसले असते, आणि तरीही जेथे बाईंच्या सोबतीचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. नेपच्यूनच्या कारंज्यासमोरच्या भिंतीवर काचेआड शेकडो लहान छायाचित्रे लावलेली आहेत. तरुण मुलगे, मुली, काही प्रौढ माणसे. फॅसिस्ट सत्तेशी लढणाऱ्यांना या भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात येत असत. 21 एप्रिल 1945 रोजी शहर मुक्त झाल्यावर लोकांनी आपापल्या माणसांची छायाचित्रे आणि फुले येथे आणून ठेवली, आणि त्यातून हे स्मारक झाले. त्या सकाळी शहरात प्रथम पोलंडचे सैनिक शिरले, असे बाईंनी सांगितले. तेव्हा मी त्यांना म्हटले, की त्याआधी बारा दिवस, 9 एप्रिलला, येथून पूर्वेला सेनियो नदीवर दोस्त सैन्याच्या ज्या अखेरच्या चढाईला सुरुवात झाली, तिच्यात माझ्या मुलखातली माणसे होती. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांनी त्या दिवशी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणले, मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन-चौक्या बंद पाडल्या, आणि नदीच्या बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाईंना सेनियोची लढाई ठाऊक होती, हे नाव ठाऊक नव्हते. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि गटातल्या इतरांना इटालियन उच्चारात वाचून दाखवले. ध्वनिमुद्रित माहितीपुढे असे काही बोलता आले नसते. फोर्ली हे गाव बोलोन्याहून आग्नेयेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे आणि तेथे भारतीय सैनिकांची युद्ध-दफनभूमी आहे. दहन झालेल्या सैनिकांची नावेही तेथे कोरलेली आहेत. आपले वडील जाऊ इच्छितील तर दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यासाठी ठेवावी असे मी सुचवीन.

मार्गदर्शक निवडताना इतके पाहा. इटलीत हा परवान्याचा व्यवसाय आहे, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवाना आहे का हे विचारण्यात संकोच करू नका. गट बारा-पंधरा माणसांहून मोठा नसावा. एका दुसऱ्या इटालियन शहरात मी चाळीस जणांच्या गटात सापडलो होतो. मागच्या रांगेत उभे राहून दोन तासांत राजांची नावे आणि सनावळी यांपलीकडे कानांवर काही पडले नाही, आणि प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आपण चौघे असाल तर दोन तासांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक घेण्याचा खर्च विचारून पाहा. माणशी भागल्यावर तो वाटतो तितका जड जात नाही, आणि वडिलांच्या चालीने चालता येते. शेवटी स्वेच्छेने पैसे द्यायच्या फेऱ्याही असतात. त्यांतल्या काही चांगल्या असतात, पण चर्चमध्ये किंवा शवविच्छेदनगृहात त्या सहसा नेत नाहीत.

आई-वडिलांसाठी हे शहर चालायला सोपे आहे. जुना भाग बहुतांशी सपाट आहे आणि पोर्तिकोंमुळे ऊन-पाऊस दोन्ही टळतात. मात्र पाय भिजलेले असतील तर घोटलेल्या फरशीवर घसरायला होते, म्हणून रबरी तळव्यांचे बूट हवेत. बसायला बाके फारशी नाहीत, चर्चमधली आसने हाच मुख्य आधार. घरात शाकाहारी कोणी असेल, तर बाजारातल्या गल्ल्यांत ताज्या चीजचे तोर्तेल्लोनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मागा, पण पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, हे आईंना आधी सांगून ठेवा.

सान लुका या चर्चच्या टेकडीवर जाणारा पोर्तिको साडेतीन किलोमीटरांहून लांब आहे, त्याला 666 कमानी आहेत आणि उत्तरार्धात सलग चढ आहे. मुख्य चौकातून पर्यटकांसाठी एक छोटी रेल्वेगाडीसारखी गाडी वर जाते. वर जाताना तिने जा, आणि उतरताना वडिलांचे गुडघे साथ देत असतील तर कमानींखालून चालत या.